जर्दाळूंची पदकं

उलजान एजेनं गोधडीवर माणूस शिवायला घेतला तेव्हा आमच्या शिवणघरात पहिली ओरड तोक्तोबूबू आजीनं केली.

"कुराकाच्या गोधडीत माणूस? त्रिकोण शिव, चौकोन शिव, मेंढ्याची शिंगं शिव. आपल्या आयांनी हेच शिवलं. माणूस शिवलास तर पांघरणाऱ्याला स्वप्नं पडतील."

"पडू देत," एजे म्हणाली. "माझा नवरा आहे तो. स्वप्नात येऊन कुणाला त्रास द्यायचा नाही."

"पण चड्डीवर येईल ना गं बाई!"

सगळ्याजणी हसलो. खरंच, कापडातला तो माणूस नुसत्या पोहायच्या चड्डीवर उभा होता. एजेनं त्याचं अंग चहात बुडवून रंगवलेल्या जुन्या चादरीचं केलं होतं, चड्डी काळ्या शाळकरी गणवेशाची. चेहऱ्याला फक्त मिशी होती. तेवढ्यावरून आम्ही ओळखला. एस्तेबेस आगाय. आमचं सगळं कोचकोर गाव त्यांना आगाय, म्हणजे गुरुजीच म्हणायचं, कारण अर्ध्या गावाला त्यांनी भूगोल शिकवला होता.

एजे, म्हणजे आमच्या भाषेत ताई, माझ्या शेजारची. आयुष्यभर इस्पितळात नर्स होती, निवृत्त झाल्यावरही आमच्या गल्लीची नर्स तीच. कुणाला इंजेक्शन हवं, कुणाचा रक्तदाब बघायचा, कुणाच्या सुनेला कळा लागल्या की तिच्या फाटकाची कडी वाजायची. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला थोडी आणि हसायला मोठी. शिवणघरात ती उशिराच आली. चिंध्या जोडून बसणं हे म्हाताऱ्यांचं काम, असं म्हणायची. मग एका हिवाळ्यात बिश्केकहून एक बाई आली आणि तिनं आम्हाला गोधडीवर चित्र कसं करायचं ते दाखवलं. आम्ही बाकीच्यांनी राहुट्या केल्या, घोडे केले, जे परदेशी पाहुणे विकत घेतात ते. एजेनं विचारलं, "माझ्या सुट्टीचं करू का?"

"कुठली सुट्टी?"

"तळ्यावरची."

आम्ही इसिक-कुलला नुसतं तळं म्हणतो. त्या काळी कामगार संघाकडून चिठ्ठी मिळायची आणि उन्हाळ्यात तिथल्या विश्रामधामात जाऊन राहता यायचं. एजे आणि आगाय जायचे, त्यांच्याबरोबर कनिशाय एजे आणि तिचा नवरा मुकाश. कनिशाय म्हणजे उलजान एजेची बालपणापासूनची मैत्रीण. एका बाकावर शिकल्या, एका उन्हाळ्यात लग्नं झाली. कनिशाय आगायांच्याच शाळेत साहित्य शिकवायची, पुढे मुख्याध्यापिका झाली. मुकाश कधीच वारला होता. दोघी विधवा, दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहणाऱ्या, आणि दर शुक्रवारी एकमेकींकडे चहाला. त्या वर्षी कनिशायची साठी होती. साठीचा मोठा सोहळा होणार होता, आणि ही गोधडी एजेला तिथं भेट द्यायची होती.

"तिला कळू द्यायचं नाही हं, जिपार," एजेनं मला बजावलं. "तिच्याकडूनच एक जुना कपडा मागून आणलाय. म्हटलं, पोतेरं करायला हवं."

तो कपडा पांढऱ्या ठिपक्यांचा निळा झगा होता. कनिशायनं तो तळ्यावर घातलेला, ऐन तारुण्यात.

हिवाळाभर ती शिवत राहिली. मी तिच्या शेजारच्या मशीनवर बसायचे, म्हणून सगळं पाहिलं. पाण्यासाठी तिनं किती निळे गोळा केले! नर्सच्या कोटाचं अस्तर, कुणाच्या तरी लग्नाच्या सदऱ्याचं रेशीम, विश्रामधामातून पळवलेल्या पडद्याची पट्टी. ("पळवलेली नाही," ती म्हणायची, "गुंडाळून आली.") काठाजवळचं पाणी हिरवट, मधलं गडद, आणि पलीकडच्या डोंगरांखाली एक जांभळी रेघ. ती रेघ तीनदा उसवली. "सकाळची अशी नसते, ही संध्याकाळची झाली," म्हणायची, आणि पुन्हा उसवायची. डोंगरावरच्या बर्फाला उकळून उकळून विरलेली इस्पितळाची चादर. तळ्याकडे जाताना बालिकचीच्या रस्त्यावर बायका धुरावलेल्या माशांच्या माळा घेऊन उभ्या असतात, त्याही तिनं केल्या. करड्या अस्तराचे बोटाएवढे मासे, दोऱ्यात ओवलेले. मुलगी चिनार तेव्हा लहान होती. तिच्यासाठी लाल टोपी, आणि टोपीखाली काहीच नाही, कारण पोरगी पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेली.

पण मधोमध होते आगाय. आणि त्यांच्या उघड्या छातीवर नारिंगी सॅटिनचे गोल गोल तुकडे, दोन ओळी.

"हे काय?" मी विचारलं.

एजे सुई थांबवून हसायला लागली. "जर्दाळू. त्या दिवशी आम्ही झाडाखाली जेवायला बसलो होतो. मुकाश तोंडावर टोपी घेऊन झोपलेला. विश्रामधामाच्या भोंग्यावर मॉस्कोच्या म्हाताऱ्या नेत्याचं भाषण चाललेलं, त्याला पुन्हा कसलंसं पदक मिळालेलं. एस्तेबेस उठला, पिकलेले जर्दाळू फोडले आणि एकेक अर्धूक छातीवर चिकटवत गेला. रस गळतोय, माश्या बसतायत, आणि हा पोट पुढे काढून त्या म्हाताऱ्यासारखा अडखळत अडखळत भाषण देतोय. 'सोबत्यांनो, छातीत जागा उरली नाही, आता पाठीवर लावा.' कनिशाय हसून हसून लोळली. हातातली कलिंगडाची फोड तिनं वाळूत पाडली. आणि मी... माझ्या नाकातून चहा आला."

तिनं डोळे पुसले. हसण्याचं पाणी होतं ते.

पुढचं मला माहीत होतं, गावात सगळ्यांनाच माहीत होतं. त्या शरद ऋतूत कुणीतरी आगायांची चहाडी केली. शाळेतून काढलं. ज्यांचं नाव पुढच्या मुख्याध्यापकासाठी घेतलं जात होतं, ते सार्वजनिक न्हाणीघराच्या भट्टीत कोळसा टाकायला लागले. कोळशानं छाती धरली. देश मोडला, त्याच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले. चहाडी कुणी केली हेही सगळ्यांना माहीत होतं: विक्तर पेत्रोविच, व्यायामाचा मास्तर, शेजारच्या झाडाखाली गळ दुरुस्त करत बसला होता तो. एजेनं त्याच्या नमस्काराला पुन्हा कधी उत्तर दिलं नाही. एकदा तर भर बाजारात त्याच्या पायाशी थुंकली. तो माणूस बदली होऊन गेला, कुठं गेला कुणी विचारलं नाही.

"मग हाच दिवस कशाला घेतलास, एजे?" मी म्हणाले. "सगळं वाटोळं यानंच झालं ना?"

"वाटोळं नंतर झालं," ती म्हणाली. "त्या दिवशी आम्ही खूश होतो. नंतर त्याला मी इतकं हसताना पाहिलं नाही. तो कुणासाठी सोडून देऊ? त्या मेल्या मास्तरासाठी?"

सोहळा जूनमध्ये झाला. कनिशायच्या मुलांनी मोठं सभागृह घेतलं होतं, गाणारा बिश्केकहून आणला होता. भेटी सुरू झाल्या. गालिचे, चहाचे संच, खांद्यावर घालायचे झगे. एकेक कुटुंब पुढे यायचं, चार शब्द बोलायचं, टाळ्या पडायच्या. एजेची पाळी आली तेव्हा मी आणि तिनं गोधडीची दोन टोकं धरली आणि उलगडली. सगळं सभागृह "वा!" करून उठलं. कुणी पुढे येऊन मासे चाचपून पाहिले. तोक्तोबूबू आजी मागून ओरडली, "चड्डीवाला माझ्या ओळखीचा आहे!"

एजे ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली. अशा ठिकाणी ती कधी बोललेली नव्हती. म्हणाली, "कनिशाय, तुझ्याशिवाय तो दिवस आठवणारं आता कुणी उरलं नाही. म्हणून हा तुझा. बघ, तुझा झगापण आहे."

मी कनिशायच्या तोंडाकडे बघत होते, कारण एजेनं हिवाळाभर याच क्षणाबद्दल बोलून माझे कान किटवले होते. ती आधी हसत होती. मग नजर गोधडीच्या मध्यावर गेली आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, पण मागचं माणूस निघून गेल्यासारखं. तिनं गोधडीला हात लावला नाही. सुनेला म्हणाली, "घे, आत ठेव." एजेच्या गालाला गाल लावला. पुढच्या पाहुण्यांना पुढे बोलावलं.

"भारावली," घरी येताना एजे म्हणाली. "तिला सगळ्यांसमोर रडायला आवडत नाही."

त्या शुक्रवारी कनिशाय चहाला आली नाही. पुढच्या शुक्रवारी एजे तिच्याकडे गेली तर सून म्हणाली, सासूबाई झोपल्यात. बाजारात समोरासमोर आल्या तर कनिशाय मसाल्याच्या दुकानात शिरली. मग कानावर यायला लागलं. शिवणघरातच एक बाई म्हणाली, "उलजान, साठीच्या दिवशी तरी माणसानं मनात ठेवू नये हं."

"काय मनात ठेवू नये?"

"आता मला काय ठाऊक. कनिशाय म्हणते, तू तिचा सूड घेतलास. गावासमोर तिला नागडं केलंस."

एजे माझ्याकडे बघायला लागली. "नागडा तर एस्तेबेस आहे," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

मग एक दिवस ती गोधडीच परत आली. साखरेच्या पोत्यात कोंबून, कनिशायच्या सुनेनं फाटकाला टेकवून ठेवलेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. एजेनं ती बाहेर काढली, झटकली, टाके तपासले. तिला खरंच वाटलं की कुठं काही उसवलं असेल. मग डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाली, "जिपार, चल माझ्याबरोबर. एकटीनं जायला नको वाटतं."

कनिशाय अंगणात सफरचंदांच्या फोडी करत बसली होती. पत्र्यावर पांढऱ्या चादरीवर आधीच्या फोडी वाळत होत्या. आम्हाला पाहून ती उठली नाही. बसा म्हणाली नाही.

"काय बिघडलं गं?" एजेनं विचारलं. "तुझा झगा कापला म्हणून? सांगितलं असतंस तर आख्खा परत दिला असता."

"थट्टा नको करूस, उलजान."

"मग काय करू? तू बोलत नाहीस. बाजारात लपतेस. गावभर सांगतेस मी सूड घेतला. कसला सूड?"

कनिशायनं सुरी खाली ठेवली. "तू फार थांबलीस. तेवढं मी मानते. इतकी वर्षं माझ्या हातचा चहा प्यालीस, माझ्या सुनांची बाळंतपणं केलीस, माझ्या मुकाशच्या मयतीत माझ्या शेजारी बसून रडलीस. एक शब्द नाही. आणि मग निवडून दिवस काढलास. साठी. सगळे जमलेले. तेव्हा ते जर्दाळू माझ्यासमोर धरलेस. आणि वर म्हणालीस, 'तुझ्याशिवाय तो दिवस आठवणारं कुणी उरलं नाही.' सगळ्यांना कळलं असेल. कळू दे. पण त्यापेक्षा तू घरी येऊन माझ्या तोंडावर थुंकली असतीस तर बरं झालं असतं."

"तो दिवस मला आवडतो," एजे म्हणाली. "म्हणून मधोमध घातला."

मी शेजारीच होते, त्यामुळे दोघींची तोंडं मला दिसत होती. कनिशाय एजेकडे बघत राहिली, बराच वेळ. आणि मग तिला कळलं. बोललेला शब्द परत घ्यावा तसा तिचा हात तोंडाकडे गेला.

"तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"काय माहीत नव्हतं?"

"काही नाही. जा तू. माझं डोकं ठिकाणावर नाही, रक्तदाब आहे."

एजे खाली बसली. फोडींच्या टोपलीशेजारी, जमिनीवर. म्हणाली, "कनिशाय, काय माहीत नव्हतं मला?"

ते सगळं एका दमात आलं नाही. आधी ती म्हणाली, मला चौकशीला बोलावून घेतलं होतं. मग म्हणाली, त्यांना आधीच माहीत होतं, कुणीतरी आधीच सांगितलं होतं, मी फक्त हो म्हटलं. मग म्हणाली, मुकाशच्या बढतीचा प्रश्न होता, आणि धाकटा पोटात होता. "त्यांनी विचारलं, तुम्ही हजर होता का? मी नाही कसं म्हणू? विचारलं, तो काय बोलला? मी लिहून दिलं. पाठीवर पदकं लावायचं पण लिहिलं. तू काय केलं असतंस?"

एजेनं मातीत पडलेली एक फोड उचलून टोपलीत ठेवली.

"पण तुला मी त्यात येऊ दिलं नाही!" कनिशायचा आवाज चढला. "तुझ्यासाठी मी खोटं लिहिलं. लिहिलं की उलजान तेव्हा नळावर भांडी धुवायला गेली होती, तिनं काही ऐकलं नाही. म्हणून तुझी नोकरी राहिली. नाहीतर तूही गेली असतीस, पोर रस्त्यावर आलं असतं. हे कुणी केलं? मी केलं!"

"मी भांडी धूत नव्हते," एजे म्हणाली. "मी हसत होते."

"तेच तर सांगतेय!"

"सगळ्यात मोठ्यानं मी हसत होते, कनिशाय."

मग एजेनं विचारलं, "आणि विक्तर पेत्रोविच?"

कनिशायनं सुरी पुन्हा हातात घेतली, एक सफरचंद उचललं, पण कापलं नाही.

"त्यालाही बोलावलं होतं ना?"

"होतं."

"मग?"

"त्यानं लिहून दिलं नाही. म्हणाला, मी गळ बघत होतो, मला काही दिसलं नाही. त्याचीच शिक्षा म्हणून त्याची बदली झाली."

"तू मला सांगितलंस की तो होता. माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलंस. मी म्हणत होते, तो तसा वाटत नाही. तू म्हणालीस, असलेच असतात."

कनिशायनं सफरचंद टोपलीत परत टाकलं. ती म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला तळ्याची चिठ्ठी मिळत नव्हती, तेव्हा मीच मिळवून दिली. एस्तेबेसचं मन रमावं म्हणून."

मला वाटतं, याच वाक्यानं एजेला उठवलं. चहाडीनं नाही, या चिठ्ठीनं. ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली आणि फाटकाकडे चालू लागली. मागून कनिशाय म्हणाली, "उलजान, थांब. चहा घेऊन जा." आयुष्यभराची सवय, तोंडातून निघून गेलं असेल. एजे वळली नाही.

वाटेत ती माझ्याशी एकच गोष्ट बोलली. "त्या पुढच्या उन्हाळ्यात त्यानं तिला खरबूज कापून दिलं. बिया काढून. तिला बिया आवडत नाहीत म्हणून."

मी एजेला कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही पाहिलं नाही. पण शिवणघरात ती येईनाशी झाली. मी डबा घेऊन जायचे तर ती जमिनीवर गोधडी पसरून बसलेली असायची. एकदा हातात उसवणी होती. ठिपक्यांच्या झग्याचा काठ बोटभर सुटलेला होता.

"काढतेस तिला?"

"काढत होते. निघत नाही. तिचा हात एस्तेबेसच्या दंडाखालून गेलाय, मीच तसा घातला. तिला काढलं की त्याचा खांदा फाटतो." तिनं सुटलेला काठ पुन्हा दाबून बसवला. "बघ ना जिपार, प्रत्येक उन्हाळ्यात ती आहे. पाण्यात आहे, जेवणात आहे, चिनारला पोहायला तिनंच शिकवलं. माझ्याकडे तिच्याशिवायची एक सुट्टी नाही. नवरा कोळशानं नेला, ते मी सोसलं. पण हे दिवस मी जपून ठेवले होते गं. वाईट वेळ आली की यांच्याकडे जायचे. आता कुठं जाऊ?"

मी म्हणाले, गावाला सांगू. साठीला जेवढे जमले होते तेवढ्यांना सांगू. एजे नको म्हणाली. पण गोष्ट झाकून राहिली नाही, कारण शिवणघरात पुन्हा ती बाई तेच बोलली, मैत्रिणीचा सूड वगैरे, आणि त्या दिवशी एजे नेमकी सुया न्यायला आली होती. तिनं उभ्या उभ्या, कमी शब्दांत सगळं सांगून टाकलं. मास्तराचंही. आपण त्याच्या पायाशी थुंकलो तेही.

मला वाटलं होतं, छत कोसळेल. तसं झालं नाही. एकदोघी रडल्या. तोक्तोबूबू आजी म्हणाली, "तिचे हात झडोत." पण बाकीच्या? एक म्हणाली, तो काळच तसा होता. दुसरी म्हणाली, कोण लिहून देत नव्हतं तेव्हा. तिसरी म्हणाली, आता दोघी म्हाताऱ्या झाल्या, सोडून द्यावं. महिन्याभरात कनिशायच्या नातवाच्या बारशाला त्याच सगळ्या जेवून आल्या. मटण चांगलं होतं म्हणाल्या. एजेनं ऐकून घेतलं. मला म्हणाली, "एकीनं फसवलं ते समजू शकते. यांना तर कुणी बोलावून धमकावलंसुद्धा नाही."

शरदात चिनार बिश्केकहून आली. तिला आईनं सगळं सांगितलं. त्या सुट्टीच्या वेळी चिनार फार लहान होती, तिला बाप आठवतो तो खोकणारा, काळ्या नखांचा. ती गोधडीसमोर बसली आणि जर्दाळूंवरून बोट फिरवत राहिली.

"बाबा असे होते?"

"असे होते."

"आई, ही मला दे. मी भिंतीवर लावते."

"तीपण आहे त्यात."

"असू दे. कुणी विचारलं तर सांगेन कोण आहे ते."

एजेनं दिली. गाडी गेल्यावर ती मला म्हणाली, "बरं झालं, गोधडी गेली. घरात असली की मी तिच्याशी भांडत बसते."

कोचकोरचा हिवाळा लांब असतो. जानेवारीत कनिशायचा रक्तदाब वाढून डावी बाजू लुळी पडली. बिश्केकला नेली, परत आणली. डॉक्टरांनी रोज इंजेक्शन घ्यायला सांगितलं, आणि आमच्या भागात ते देणारी एकच. कनिशायची सून एजेच्या दारात आली तेव्हा मी तिथंच होते. पोरगी मान खाली घालून उभी राहिली. "एजे, सासूबाई म्हणाल्या, तुम्हाला विचारू नको. पण मी कुणाला विचारू?"

एजेनं पातेलं चुलीवरून उतरवलं. "पाणी उकळून ठेव," म्हणाली. "मी येते."

ती रोज गेली. बर्फ असो, वारा असो. बर्फात तिचा पाय घसरू नये म्हणून मी काही वेळा सोबत गेले. एजे आत शिरायची, कोट काढायची नाही, नुसती बाही मागे सारायची. हात धुवायची, सुई भरायची.

एकदा कनिशायनं जड जिभेनं म्हटलं, "काहीतरी बोल, उलजान. शिव्या दे."

"हात सैल सोड," एजे म्हणाली. "सुई वाकेल."

"मी मेले तर?"

"सैल सोड म्हणते ना."

कनिशाय उशीवर तोंड फिरवून रडली. एजेनं टोचलेल्या जागी कापूस दाबून धरला, जेवढा वेळ धरायचा असतो तेवढा वेळ, आणि मग सोडला. तिचा हात हलका आहे, आमच्या गल्लीत सगळे म्हणतात.

बाहेरच्या खोलीत सून रोज दस्तरखान पसरून ठेवायची. चहा, ताजी पोळी, साय, मुरंबा. आमच्यात कुणाच्याही दारातून पोळीचा तुकडा तोंडात न घालता निघत नाहीत, घाई असली तरी, भांडण असलं तरी. एजे त्या दस्तरखानाला वळसा घालून जायची. मला मात्र लाज वाटायची, मी एक तुकडा मोडायचे आणि दारात चावायचे.

वसंत आला तोवर कनिशाय काठी धरून चालायला लागली. इंजेक्शनं संपली. शेवटच्या दिवशी एजेनं इंजेक्शनचा डबा बंद केला, कोटाची बटणं लावली आणि निघाली. आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा मागे काठीचा आवाज आला. कनिशाय स्वतः येत होती, चिखलातून, सपाता घालून, चांगल्या हातात रुमालात गुंडाळलेली पोळी. सून मागून धावत येत होती. गल्लीतल्या दोन बायका पलीकडच्या फाटकात उभ्या राहून बघायला लागल्या.

कनिशायनं पोळी पुढे केली.

एजेनं तिच्याकडे बघितलं. पायांकडे, ओल्या सपातांकडे बघितलं.

"आत जा," ती म्हणाली. "पाय गार पडतील." मग पोळीकडे बघून म्हणाली, "माझ्या हाताला स्पिरिटचा वास आहे."

आणि फाटक लोटून रस्त्याला लागली.